देवाच्या वाट्याचा कापूस

आमच्या घरात कापसाचे दोन वाटे असत, एक देवाचा आणि एक व्यापाऱ्याचा. देवाचा वाटा पहिल्या वेचणीतला, जुन्या पांढऱ्या चादरीत बांधलेला आणि कोरडा असे. उरलेला सगळा कापूस व्यापाऱ्याचा, आणि तो ओला असे.

आर्णीच्या पुढे हमरस्ता सोडून आत वळले की आमचे गाव लागते. ख्रिस्ती घरे मोजकी. टिनाच्या छताचे एक लहान प्रार्थनामंदिर आणि दर रविवारी मोटरसायकलवर येणारे पाळकसाहेब, ज्यांच्याकडे अशी आणखी काही गावे होती. बाबा पांढरकवड्याहून हैदराबादकडे ट्रक चालवत आणि दोन खेपांच्या मधल्या दिवसांत घरी येत. त्यामुळे शेती आईचीच होती. पेरणीपासून विक्रीपर्यंतचे सगळे निर्णय ती घेई, आणि मंडळीच्या उपासनेत स्त्रियांच्या गाण्याचा पहिला सूरही तिचाच असे.

त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता, फवारणी महाग होती, आणि आमच्या जिल्ह्याचे नाव दूरवरच्या वर्तमानपत्रांत एकाच कारणासाठी, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी, छापून येई. आमच्या घराची गोष्ट मात्र तशी नव्हती. विहिरीला पाणी होते आणि बाबांचा पगार येत होता. म्हणून पुढे जे सांगणार आहे त्याला नाइलाज हा शब्द लावता येत नाही.

कापसावर पाणी मारणे ही आमच्याकडे जवळजवळ शेतकामाचीच एक पायरी होती. विक्रीच्या आदल्या दिवशी दिवेलागणीला आई बादलीभर पाणी घेई, कडुलिंबाची डहाळी त्यात बुडवी आणि ढिगावर शिंपडी. हाताने शिंपडले तर थेंब मोठे पडतात आणि एकाच जागी मुरतात. डहाळीने ते धुक्यासारखे पसरतात. मग वर पोती. सकाळपर्यंत ओल सारखी पसरे आणि वरून काही कळत नसे. हे कौशल्य होते आणि आई त्यात निष्णात होती.

मी तेव्हा यवतमाळला सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होते आणि शनिवार-रविवारी घरी येत असे. प्रत्येक गोष्टीचे कारण शोधायचे, ते चौकटीत मांडायचे, अशी मला सवय होती. या व्यवहाराचे कारण तर फारच स्वच्छ होते. सगळे पाणी मारतात म्हणून व्यापारी सगळ्यांच्याच वजनातून काही भाग ओलीपोटी कापतो. त्या कपातीला कटती म्हणतात. आणि कटती ठरलेलीच आहे म्हणून सगळे पाणी मारतात. अशा बाजारात एखाद्याने एकट्याने कोरडा कापूस नेला तर त्याच्या खऱ्या वजनातूनही कटती जाते. म्हणजे प्रामाणिक माणूसच तेवढा बुडतो.

मी हे आईला समजावून सांगितले होते. तिने लक्ष देऊन ऐकले आणि विचारले, “म्हंजे मी बरोबरच करून राह्यली?”

“गणिताने बघितले तर बरोबर.”

“मंग झालं.”

“आणि देवाचा वाटा? तो का कोरडा?”

तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू एवढे शिकून मी काहीच शिकले नव्हते. “तो कुठी कटती कापते? मंग त्याले काहून ओला द्याचा?”

तिच्या दृष्टीने विषय तिथे संपला होता. खरे तर माझ्याही.

आमच्या मंडळीत हंगामात उपकारस्तुतीचा सण असतो. प्रत्येक घर आपल्या पिकाचा पहिला वाटा आणते. कोणी तूर, कोणी ज्वारी, कोणी भोपळा किंवा कोंबडी, कापूसवाले कापूस. पाळकसाहेबांना आयत्या वेळी घाई होऊ नये म्हणून कापसाची गाठोडी आठवड्याच्या मधेच आणून मंदिरामागच्या खोलीत बंद करून ठेवत. रविवारी ती वेदीपुढे उघडत, पाळकसाहेब प्रत्येकावर हात ठेवून प्रार्थना करत, आणि नंतर ओसरीवर सगळ्या वस्तूंचा लिलाव होई. कापसाची बोली बोलायला आर्णीचे आमचे नेहमीचे व्यापारी येत. ते मुसलमान होते. गावातली सगळी मुले त्यांना चाचा म्हणत, आई भाई म्हणे. त्यांच्यासाठी ओसरीवर खुर्ची मांडलेली असे. उपासना संपेपर्यंत ते चपला काढून तिथे शांत बसत आणि लिलावात बाजारभावापेक्षा चढी बोली लावत. देवाच्या कापसात घासाघीस करायची नाही, एवढा त्यांचा नियम होता.

ज्या वर्षाचे मी सांगते आहे, त्या वर्षी सणाच्या आठवड्यात बाबा घरी होते. ट्रक दुरुस्तीला गेला होता आणि त्यांना करमत नव्हते. आई नात्यातल्या एका बाळंतिणीला बघायला गेली होती. कापूस विकायला न्यायचा आहे, हे बाबांना माहीत होते. मदत करावी म्हणून त्यांनी बादली भरली. डहाळी वगैरे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी मगाने ओतले. ढिगावर ओतले, आणि कोपऱ्यातल्या पांढऱ्या चादरीची गाठ सोडून तिच्यातही ओतले. मग गाठ पुन्हा नीट मारून ठेवली.

दुसऱ्या दिवशी आईने ते गाठोडे न उघडता मंदिरात न्यायला डोक्यावर घेतले. हिवाळ्याच्या सकाळी सगळीच कापडे गार लागतात. वजन जास्त लागले तेव्हा तिला आनंदच झाला. वाटेत बरोबरच्या बायांना ती म्हणाली, “औंदा बोंड भरलं व. पाह्य कसं जड लागते.” ढिगाचा ओलेपणा तिला घरी परतल्यावर समजला. बाबांना दोन शब्द ऐकवून तिने तो कापूस पसरून सारखा केला. चादरीचा विचार तिच्या मनात आला नाही.

रविवारी पाळकसाहेबांनी चादरीची गाठ सोडली आणि कापसात हात घातला. लगेच तो मागे घेतला आणि आपल्या तळव्याकडे पाहिले. मी दुसऱ्या रांगेत होते. कुबट वास तिथपर्यंत आला. कापूस पिवळट पडला होता आणि आत काळे ठिपके होते. काय झाले, हे मला तत्काळ कळले. सरकीसकट असलेल्या ओल्या कापसाला बंद खोलीत दाबून ठेवले की बुरशी आणि जिवाणू कामाला लागतात आणि त्यांच्या श्वसनाने ढीग आतून तापतो. आमच्या प्रयोगशाळेत हेच आम्ही मुद्दाम घडवत होतो. पाळकसाहेबांनी चादर मिटली, तिच्यावर हात ठेवला आणि इतरांसाठी केली तशीच प्रार्थना केली.

आई खाली बघत होती. अजून तिला वाटत होते की टिनाच्या छतावरून खोलीत दव गळले असेल.

ओसरीवर लिलाव सुरू झाला. कापसाची पाळी आली तेव्हा चाचा उठले, एकेका गाठोड्यात हात घालून बघू लागले. आमच्या चादरीशी ते थांबले. मूठभर कापूस नाकाशी नेला आणि आईकडे वळून अगदी सहज म्हणाले, “भाभी, गठ्ठे बदलले काय? हा तर माहा माल हाये. खुदाचा कुठी गेला?”

लोक हसले. खूप मोठ्याने हसले, आणि मग ते हसणे एकाएकी विरले, कारण ओसरीवरच्या प्रत्येक कापूसवाल्या घराला त्या विनोदाचा अर्थ कळला होता. चाचांनीच प्रसंग सावरला. नेहमीची चढी बोली लावली आणि गाठोडे आपल्या माणसाच्या हातात दिले. आई त्याआधीच पायऱ्या उतरून गेली होती.

घरी तिने प्रथम बाबांना धरले. बाबा खाटेवर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “मले काय मालूम, त्यातलं देवाचं कोनतं अन् व्यापाऱ्याचं कोनतं? मले तर सारा कापूस एकच दिसते.”

“तुम्ही आपला ट्रकच चालवा.”

नंतर राग चाचांवर गेला. चारचौघांत बोलायची काय गरज होती, असे ती सारखे म्हणत होती. मी माझ्या परीने वैज्ञानिक स्पष्टीकरण दिले; मला वाटले, दोष जिवाणूंवर गेला तर तिला हलके वाटेल. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “म्हंजे भाईच्या गोदामातबी असंच होत असंन?”

“पडून राहिला तर होतच असेल.”

“मंग तो काय करते त्याचं?”

“चांगल्या कापसात मिसळत असतील.”

त्यानंतर तिने कोणालाच दोष दिला नाही. मला तेव्हा वाटले, विषय मिटला.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होते. आमच्याकडे रांगेने पुढे जातात, कठड्यापाशी गुडघे टेकतात आणि भाकर व प्याला घेतात. आमच्या रांगेची पाळी आली. मी उठले, आई उठली नाही. ज्या स्त्रीने तापातसुद्धा प्रभुभोजन चुकवले नव्हते ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली. बाकावरच्या पलीकडच्या बाया कुरकुरत तिचे गुडघे ओलांडून गेल्या. पुढच्या महिन्यातही तेच झाले. त्या दोन रविवारांच्या मधे तिने कापसाची एक खेप विकली होती. पाणी मारून.

पाळकसाहेब घरी आले. आईने चहा केला, बिस्किटे मांडली, आणि ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

“ताई, ती पंगत निर्दोष माणसांसाठी मांडलेली नाही,” ते म्हणाले. “तसे असते तर मला पहिल्यांदा उठून बाहेर जावे लागले असते.”

“माहीत हाये, पाळकसाहेब. दोष हाये म्हनून नाही बसून राह्यली मी.”

“मग?”

“पुढच्या खेपेले पुन्हा पानी मारीन, हे मले ठाऊक हाये. तिथं गुडघे टेकून म्हनाचं, प्रभू, क्षमा कर, अन् मनात बादली भरूनच ठेवाची. हे मले जमत नाही.”

चहा संपवून पाळकसाहेब म्हणाले, “मी तुमच्यासाठी प्रार्थना करतो. क्षमेसाठी नाही; ती त्याने देऊन ठेवली आहे. बादलीसाठी करतो.”

आई हसली. त्या दोन महिन्यांत मी तिला प्रथमच हसताना पाहिले.

मी लहानपणापासून पश्चात्ताप हा शब्द ऐकत आले होते आणि त्याचा अर्थ एक प्रकारचे वाईट वाटणे असा समजत होते. वाईट तर आईला त्या ओसरीवरच वाटले होते; तरीही तिने पाणी मारले होते. माझी मांडणी कुठेतरी अपुरी होती. मी गणितात फक्त व्यापारी आणि शेतकरी धरले होते. आई ज्याच्यापुढे उत्तर देऊ पाहत होती तो त्या चौकटीत नव्हता, आणि त्याला धरले तर चौकट तशी राहत नव्हती.

तिसऱ्या खेपेच्या वेळी तिने सांगितले, “आता कोरडाच नेईन.” तिने ताडपत्री अंथरून कापूस उन्हात पसरला, कवडी, म्हणजे किडून घट्ट झालेला कापूस, आणि पाला निवडून काढला. कॉलेजला सुटी होती, म्हणून मी मदतीला होते. विक्रीच्या आदल्या दिवशी अंधारू लागले तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेर आले, तर ती कापसाच्या खोलीच्या दारात उभी. हातात बादली, बादलीत डहाळी.

मला पाहून ती म्हणाली, “हात आपोआपच गेला व. बादली भरल्यावर ध्यानात आलं.” मग अंगणात जाऊन तिने ते सगळे पाणी कोथिंबिरीच्या वाफ्यावर ओतले आणि रिकामी बादली न्हाणीत उपडी टाकली.

या ठिकाणी मात्र माझे शिक्षण उपयोगी पडले. सवय ही एक साखळी असते, मी तिला म्हटले. अंधारून येणे, घरात साठलेला ढीग, उद्याची गाडी: या खुणा एकत्र आल्या की हात निघतो. खुणा एकत्र येऊच द्यायच्या नाहीत. कापूस भर दुपारी गाडीत भरायचा आणि गाडी लगेच आर्णीला लावायची. दिवेलागणीला कापूस घरात असताच कामा नये.

“याले काय प्रार्थना म्हनतेत?” तिने विचारले.

“याला प्रार्थना म्हणत नसतील.”

“मी दोन्ही करून राह्यली. कोनतं लागू पडते, पाहू.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही कापूस घेऊन चाचांच्या आवारात पोहोचलो. पुढे-मागे गाड्या लागल्या होत्या. काट्यावरच्या माणसाने कापसाला हात न लावताच नेहमीची कटती पुकारली. आई सरळ चाचांच्या टेबलाशी गेली.

“भाई, जरा हात घाला गाडीत.”

ते उठले. कोपरापर्यंत हात घातला, पुन्हा दुसऱ्या बाजूने घातला. “कोरडा हाये.”

“हो.”

“भाभी, पन कटती सोडता येत नाही. तुमची सोडली तर मागचे सारे माह्या बोकांडी बसतीन.”

“कापा. त्याच्यासाठी नाही आली मी.” तिने पदर सावरला. आजूबाजूला लोक होते आणि तिने आवाज लहान केला नाही. “आजवर जेवढा कापूस मी तुमच्याकडं आनला, पानी मारूनच आनला. ते सांगाले आली.”

चाचा हसले. “हे मले सांगता? मी काय कालचा हाये? म्हनून तर कापत होतो. हिसाब तर तवाच बराबर झाला.”

“तुमचा झाला असंन. माह्यं सांगनं राह्यलं होतं.”

चाचांचे हसू हळूहळू ओसरले. त्यांनी हातातला चहाचा ग्लास टेबलावर ठेवला आणि मागच्या रांगेकडे एकदा पाहिले. “भाभी, असं करू नका. तुम्ही कबूल केलं तर मंग मलेबी करा लागते. ज्यानं कोरडा आनला, त्याचाबी मी कापलाच ना.”

“ते तुमचं तुम्ही पाहा,” आई म्हणाली.

कटती ठरल्याप्रमाणेच कापली गेली. परतताना गाडीत मी चिडलेली होते. मी जो निष्कर्ष काढला होता तो तंतोतंत खरा ठरला होता आणि त्याचा मला आनंद होत नव्हता. “फायदा काय झाला?” मी विचारले.

“फायदा होईन म्हनून तुले कोनं सांगितलं?” ती म्हणाली, आणि बाहेर बघू लागली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. तिचा चेहरा मात्र कित्येक आठवड्यांनी मोकळा दिसत होता, आणि ते माझ्या कोणत्याही चौकटीत बसत नव्हते.

गाव बदलले, असे मी लिहिणार नाही. चाचांनी आपल्या माणसाला त्यानंतर एवढेच सांगितले की आमची गाडी आली की आपल्याला हाक मारायची. ते स्वतः हात घालून बघत आणि कटती कमी लावत. पूर्ण सोडली नाही. आमच्या मंडळीतल्या आणखी दोन घरांनी कोरडा कापूस न्यायला सुरुवात केली आणि त्यांच्या गाड्यांनाही चाचा तसाच हात लावू लागले. बाकीच्या आवारात बाजार जसा होता तसाच चालू राहिला.

त्या विक्रीनंतरच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होते. बाबा खेपेवर गेले होते. आई आणि मी शेजारी बसलो होतो. आमच्या रांगेची पाळी आली तेव्हा मी मुद्दाम तिच्याकडे पाहिले नाही. लाकडी बाक करकरला. ती माझ्या आधी उठली होती. कठड्यापाशी तिने गुडघे टेकले, पदर डोक्यावर ओढला आणि दोन्ही तळवे एकावर एक ठेवून पुढे केले. कापसाच्या बोंडांनी बोटांची टोके फाटलेली होती. पाळकसाहेबांनी भाकर तिच्या हातात ठेवली, आणि एरवी ते लगेच पुढच्या माणसाकडे सरकत असत, पण तिच्यापुढे ते क्षणभर थांबले. ती बराच वेळ उठली नाही. मागच्या बाया या वेळी कुरकुरल्या नाहीत, थांबल्या.

घरी चालत येताना मला वाटले, ती काही मोठे बोलेल. मी त्याची वाट पाहत होते. तिने आधी भाजीचे विचारले, मग बाबांचा निरोप आला का, ते विचारले. आमच्या दारापाशी आल्यावर म्हणाली, “पुढच्या शनिवारी चवथी खेप हाये. मानसं उशिरा येतीन, दुपारी गाडी भरून होनार नाही. ढीग घरातच राहीन.”

“मग?”

“भेव वाटते व. तू सांजेले घरी असशील तर बरं.”

शनिवारची ती संध्याकाळ मी ग्रंथालयासाठी राखून ठेवत असे. पुढच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेची तयारी तिथेच होई, आणि यवतमाळहून मी शेवटच्या बसने निघे. मला त्या परीक्षेत वर यायचे होते आणि मी वेळेबाबत अत्यंत कंजूष होते. मी मनात एकदा सगळे मोजून पाहिले.

“दुपारच्या बसने येईन,” मी म्हटले. तिने मान हलवली आणि कुलूप काढले.

त्या शनिवारी दिवेलागणीला मी पुस्तक घेऊन कापसाच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले. आई समोर चुलीपाशी भाकरी थापत होती. अंधार पडेपर्यंत आम्ही इकडचे तिकडचे बोलत राहिलो, आणि मग जेवलो.